रिकाम्या घरावर पडलेला घोडा : रिव्हॉल्व्हर नेमबाजी नावाचा खेळ

(माहूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



माहूरला येऊन नेमबाजीवर बोलायचं, तर सुरुवात गडावरूनच करावी लागेल. महाभारताच्या अनुशासनपर्वात एक गोष्ट आहे. जमदग्नी ऋषी धनुष्य घेऊन बाण मारतायत. कुणाशी युद्ध नाही, शिकार नाही. हौस म्हणून, खेळ म्हणून बाण मारतायत. आणि आपली रेणुकामाता ते बाण गोळा करून परत आणून देते आहे. ज्येष्ठातलं ऊन, पाय पोळतायत, म्हणून ती घटकाभर झाडाच्या सावलीला थांबते. उशीर झाला म्हणून ऋषी चिडतात आणि कारण कळल्यावर थेट सूर्यावरच बाण रोखतात. मग सूर्य शरण येतो आणि छत्री नि पादत्राणं देतो. अशी ती कथा.

मला या कथेत दोन गोष्टी दिसतात. एक, नेम धरणं हा आपल्याकडं फार जुना खेळ आहे. दुसरी, जमदग्नींच्या रेंजवर सुरक्षेचे नियम अजिबात नव्हते. (हशा) हसू नका, खरंच सांगतो. आजच्या कुठल्याही रेंजवर नेमबाजी चालू असताना माणूस रेषेच्या पुढं पाऊल टाकत नाही. आधी सगळ्यांची शस्त्रं रिकामी होतात, ती रिकामी असल्याची खात्री केली जाते, ती टेबलावर ठेवून सगळे मागं सरकतात, आणि मगच कुणीतरी टार्गेटकडं जातं. आणि चिडलेल्या माणसानं तर शस्त्राला हातच लावायचा नाही.

मी काही नावाजलेला नेमबाज नाही, हे आधीच सांगतो. नोकरी सांभाळून, रविवारच्या रविवारी, हौसेनं केलेला हा खेळ आहे. पण या हौसेमुळं माझ्याकडं परवान्याचं एक .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर आहे, आणि त्यामुळं नातेवाइकांत माझी पत एकदम वाढली. गावाकडं लग्न असलं की फोन येतो, "दादा, येताना ते घेऊन या बरं का." माझा एक भाचा आहे, कॉलेजात जाणारा. त्याला फक्त अर्धा मिनिट पाहिजे होतं, रील काढायला. मी नाही म्हटलं. पोरगा दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

मी त्याला दोष देत नाही. आपल्या मराठवाड्यात कमरेला लटकलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे वट. ते कशासाठी आहे हे कुणी विचारत नाही, फक्त ते आहे हे दिसलं पाहिजे. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची केवढी चर्चा झाली, फेरतपासणी झाली, कितीतरी परवाने रद्द झाले, हे तुम्ही वाचलंच आहे. आणि लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा आता वेगळा गुन्हा आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तर आज मला हे सांगायचं आहे, की हीच वस्तू खेळाच्या मैदानावर आली की तिचा अर्थ पूर्ण उलटा होतो. कमरेला असताना ती दुसऱ्याला घाबरवते. रेंजवर ती तुमची स्वतःची भीती तुम्हाला दाखवते. कशी, ते आता बघू.

वस्तू कशी आहे

रिव्हॉल्व्हरमध्ये एक फिरता दंडगोल असतो, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात बहुधा सहा घरं. प्रत्येक घरात एक काडतूस. मागं घोडा, खाली चाप. चाप ओढला की घोडा काडतुसाच्या बुडावर आपटतो आणि बार उडतो. पुढच्या वेळी सिलिंडर एक घर फिरतो, नवीन काडतूस नळीसमोर येतं.

चालवायच्या रीती दोन. पहिली, अंगठ्यानं घोडा मागं ओढून ठेवायचा आणि मग चाप दाबायचा. याला सिंगल ॲक्शन म्हणतात. चाप हलका लागतो, नेम चांगला लागतो. दुसरी, नुसता चाप ओढायचा. त्याच ओढीत घोडा मागं जातो, सिलिंडर फिरतो आणि घोडा सुटतो. ही डबल ॲक्शन. इथं बोटाला चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो, आणि तेवढ्या जोरात हात स्थिर ठेवायचा म्हणजे भरलेली बादली एका बोटानं उचलून पाणी न सांडता चालण्यासारखं आहे.

आता स्पर्धा. पंचवीस मीटर सेंटर-फायर पिस्तूल असा एक प्रकार आहे. तो ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक आणि आशियाई पातळीवर खेळला गेला आहे. त्यात .३० ते .३८ बोरची हत्यारं चालतात, रिव्हॉल्व्हर असो की पिस्तूल. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, चाप किमान एक किलोचा. एकूण साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला पाच मिनिटं. पुढच्या तीस झटपट. हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं. सात सेकंद लाल दिवा. मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत हात वर आणायचा, नेम धरायचा, एकच गोळी मारायची आणि हात पुन्हा खाली. असं पाच वेळा. आणि हे सगळं एका हातानं. सिनेमातल्यासारखं दोन्ही हातांनी धरलेलं इथं चालत नाही.

या प्रकारात रिव्हॉल्व्हर टिकून राहू शकलं, याचं कारण त्या सात सेकंदांत आहे. तेवढ्या वेळात घोडा अंगठ्यानं मागं ओढून ठेवता येतो. पण रॅपिड फायर म्हणून जो ऑलिंपिकचा प्रकार आहे, त्यात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार सेकंदांत मारायच्या असतात. तिथं अंगठ्याला सवडच नाही. म्हणून तिथं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं आली आणि हळूहळू सेंटर-फायरमध्येही त्यांनीच जागा घेतली. गंमत अशी, की रिव्हॉल्व्हर मागं पडलं तरी त्याचं काडतूस मागं पडलं नाही. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेलं काडतूस. आपल्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर तेच खातं, आणि युरोपात बनणारी महागडी सेंटर-फायर पिस्तुलंसुद्धा तेच खातात. फक्त स्पर्धेसाठी गोळीचं तोंड सपाट ठेवतात, म्हणजे कागदाला चिरडल्यासारखं न होता पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजायला वाद होत नाही.

नेम म्हणजे काय

लोकांना वाटतं नेमबाज म्हणजे ज्याचा हात हलत नाही तो. असा माणूस जन्माला यायचाय. हात सगळ्यांचा हलतो. मग दहा गुण मिळतात कसे?

हिशोब सोपा आहे. हत्याराला पुढं एक साइट असते, जुने लोक तिला माशी म्हणत. मागं एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये, दोघींची डोकी एका पातळीत. समजा माशी मध्यात आहे, आणि तुमचा अख्खा हातच एक मिलिमीटर बाजूला गेला. तर टार्गेटवर गोळी किती सरकेल? एक मिलिमीटर. काही बिघडत नाही. पण समजा हात तिथंच आहे, आणि मनगटातून माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर हलली. माशी आणि खाच यांच्यात साधारण २० सेंटिमीटर अंतर धरा. टार्गेट २५ मीटरवर, म्हणजे सव्वाशे पट दूर. गोळी १२५ मिलिमीटर सरकणार! सावकाश फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे दहाची गोळी सहाच्या काठावर जाऊन पडली.

म्हणून प्रशिक्षक सांगतात, टार्गेट धूसर दिसू दे, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. नवशिक्याला हे पटत नाही. तो टार्गेटकडंच बघतो, कारण फळ तिथं आहे ना.

आणि माशी हलवतं कोण? चाप ओढणारं बोट. म्हणजे खरं तर मन. इथं मी माझीच फजिती सांगतो.

सुरुवातीच्या वर्षी माझ्या गोळ्या सारख्या खाली जात होत्या. मी साइटला दोष दिला, काडतुसांना दिला, उन्हाला दिला. माझे प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठ फिरवली आणि भरून माझ्या हातात दिलं. त्यांनी सहापैकी तीन घरांत जिवंत काडतुसं घातली होती आणि तीन घरांत वापरलेली रिकामी. कुठलं कुठं, मला माहीत नाही. मी नेम धरला. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी घोडा नुसता "टिक" करून पडला. आणि त्या क्षणी मी बघितलं, की नळीनं चार बोटं खाली मान टाकली! बार झालाच नव्हता. धक्का बसलाच नव्हता. पण धक्का बसणार म्हणून माझ्या हातानं आधीच हिसका दिला होता. जिवंत काडतुसाच्या आवाजात आणि झटक्यात ते झाकलं जात होतं. रिकाम्या घरावर ते उघडं पडलं.

मी पन्नास जणांसमोर भाषण करू शकतो, पण त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "आता कळलं ना कोण वाकडं आहे ते?"

हा सराव रिव्हॉल्व्हरवर फार चांगला होतो, कारण प्रत्येक घर वेगळं. एक घर रिकामं निघालं तरी पुढचं आपोआप समोर येतं. म्हणून स्पर्धेत त्याचा जमाना ओसरला तरी शिकवण्यासाठी रिव्हॉल्व्हर अजून मोलाचं आहे, असं माझं मत आहे. भीती असणं ही लाजिरवाणी गोष्ट नाही. कानाजवळ बार उडणार म्हटल्यावर शरीर दचकणारच. ती भीती असताना चाप सरळ मागं ओढता येणं, हा खेळ.

आपली माणसं

हा खेळ संघटित कुणी केला? नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती, ग. वा. मावळंकर. घराणं मूळचं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वरकडच्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी जी पात्रता स्पर्धा होते ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. नेमबाज पोरं "मावळंकर खेळून आलो" असं म्हणतात, पण मावळंकर कोण होते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सेंटर-फायरमध्ये महाराष्ट्राचे अशोक पंडित यांचं नाव घ्यावं लागेल. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी या प्रकारात सुवर्ण मिळवलं. १९९४ साली व्हिक्टोरियाला त्यांनी जसपाल राणा यांच्या जोडीनं पुन्हा सुवर्ण आणलं. त्याच जसपाल राणांनी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण करून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढं त्यांनीच मनू भाकरला घडवलं, आणि पॅरिसला २०२४ मध्ये तिनं दोन कांस्यपदकं मिळवली.

आता कोल्हापूरच्या राही सरनोबतकडं येऊ. तिचा प्रकार २५ मीटर पिस्तूल, बोर .२२, पण सावकाश आणि झटपट फेऱ्यांची रचना मघाशी सांगितली तशीच. शाळेत एनसीसीत बंदूक हातात आली, आणि त्याच शाळेतली तेजस्विनी सावंत डोळ्यासमोर होती. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत राहीनं सुवर्ण मिळवलं. पिस्तूल नेमबाजीत तोवर एकाही भारतीयानं विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं नव्हतं. मग कोपराची दुखापत, बराच काळ वाया गेला. आणि मग २०१८, पालेम्बांग.

त्या अंतिम फेरीत साधा नियम असतो, १०.२ किंवा अधिक लागलं तर एक गुण, नाहीतर शून्य. पन्नास गोळ्यांनंतर राही ३४ आणि थायलंडची नेमबाजही ३४. शूट-ऑफ झाला, पाच-पाच गोळ्या. पुन्हा बरोबरी. दुसरा शूट-ऑफ. त्यात राहीच्या पाचपैकी तीन लागल्या, समोरचीच्या दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

आता बघा, सुवर्ण ठरवणाऱ्या शेवटच्या पाच गोळ्यांत दोन हुकल्या होत्या. हुकलेली गोळी डोक्यात ठेवून पुढची मारली असती तर तिसरी लागली नसती.

आणि कारोली टाकाच या हंगेरीच्या सैनिकाबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तोच त्याचा नेमाचा हात. त्यानं डाव्या हातानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण. हेलसिंकी म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात, त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. आणि खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ते मिळवलं स्वप्निल कुसाळेनं, कांबळवाडी नावाच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान गावच्या पोरानं. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला, रेल्वेत नोकरी करणारा. आणि खेळ कोणता? नेमबाजी. ५० मीटर रायफल.

कांबळवाडी काही माहूरपेक्षा मोठी नाही. आणि मुलींच्या बाबतीत म्हणाल, तर सतराव्या शतकात याच माहूरच्या देशमुख घराण्यातल्या रायबागन सैन्य घेऊन मोहिमेवर जात होत्या. तेव्हा "आपल्याकडच्या पोरींना हे कसं जमेल" असं निदान माहूरमध्ये तरी कुणी म्हणू नये.

प्रश्नोत्तरं

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं.)

*सर, रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळवायला नेमबाजी हा सोपा मार्ग आहे का?*

प्रामाणिक प्रश्न विचारलात, आभार. नाही, हा सगळ्यात लांबचा मार्ग आहे. (हशा) एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, पोलीस चौकशी होते, परवाना द्यायचा की नाही हे प्रशासन ठरवतं, आणि खेळाडू म्हणून मागायचा तर स्पर्धांतली कामगिरी दाखवावी लागते. ती यायला वर्षं लागतात. माझा अनुभव असा, की तेवढी वर्षं रेंजवर घालवलेल्या माणसाला ते कमरेला लावून फिरायची हौसच उरत नाही. माझं रिव्हॉल्व्हर घर ते रेंज आणि रेंज ते घर एवढाच प्रवास करतं, पेटीत, रिकामं, काडतुसं वेगळी.

*माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला आवड आहे. पण हातात बंदूक द्यायची भीती वाटते.*

ताई, भीती वाटते हे चांगलं आहे. तिची सुरुवात रिव्हॉल्व्हरनं होणारच नाही. सगळे सुरू करतात ते १० मीटर एअर पिस्तुलानं. त्यात दारू नाही, बार नाही. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जातो. या खेळातल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. पण नियम सगळे तेच. नळी कायम टार्गेटच्या दिशेनं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि सांगितल्याशिवाय भरायचं नाही. पहिले काही महिने मोठ्या माणसानं सोबत बसावं. दहाचं वर्तुळ तिथं फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. साठ छर्रे मारायला सव्वा तास. शाळेच्या अभ्यासाला याचा उपयोगच होईल, तोटा नाही.

*चष्मा असला तर चालतो का?*

चालतो. कितीतरी चांगले नेमबाज चष्मा लावतात. मघाशी म्हटलं ना, स्वच्छ दिसायची असते ती माशी, आणि ती हाताच्या अंतरावर असते. डोळ्यांच्या डॉक्टरांना तेवढं अंतर सांगा.

*आमच्याकडं रेंज नाही. उद्यापासून काय करता येईल?*

हे बरं विचारलंत. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली घ्या. ती एअर पिस्तुलाएवढीच भरते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहा, हात खांद्याच्या रेषेत सरळ करा आणि एक मिनिट धरून ठेवा. दुसरा हात खिशात. रोज दहा वेळा. महिनाभरात कळेल खेळ आवडतो की फक्त पिस्तूल आवडतं.

माझ्या त्या भाच्याची गोष्ट राहिलीच. दोन महिन्यांनी रुसवा गेला, तेव्हा त्याला एअर पिस्तुलाच्या रेंजवर नेलं. दंड असे, रोज जिमला जाणारा पोरगा. पहिल्या दहांतले तीन छर्रे कागदावरच लागले नाहीत. म्हणाला, "मामा, हे पिस्तूल वाकडं आहे." प्रशिक्षकांनी त्याच्या हातून ते घेतलं, एक छर्रा मारला, दहा. परत दिलं. भाचा बराच वेळ त्या कागदाकडं बघत उभा होता. फोन खिशातच राहिला होता, रील काढायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. निघताना त्यानं एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"